ओटो शॉट

फ्रिडरिश ओटो शॉट (१७ डिसेंबर, १८५१ - २७ ऑगस्ट, १९३५) हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ, काचतंत्रज्ञ आणि उद्योजक होते. आधुनिक काचविज्ञानाच्या प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते. काचेच्या मिश्रणात वेगवेगळी धातूंची ऑक्साइडे व बोरिक ऑक्साइड ठरावीक प्रमाणात मिसळल्यास तिचा अपवर्तनांक, औष्णिक प्रसरण, स्थितिस्थापकता आणि टिकाऊपणा यांत कोणते बदल होतात, याचा पहिला विस्तृत व पद्धतशीर अभ्यास त्यांनी केला. या अभ्यासातून सूक्ष्मदर्शक व दुर्बिणींसाठी नव्या प्रकाशीय काचा, तापमापकांसाठी विश्वसनीय काच आणि उष्णतेला टिकणारी बोरोसिलिकेट काच निर्माण झाली. एर्न्स्ट आबे, कार्ल झाइस आणि रोडरिश झाइस यांच्यासह त्यांनी १८८४ मध्ये जर्मनीतील येना येथे काचतंत्र प्रयोगशाळा स्थापन केली. आजची शॉट ही काचउत्पादक कंपनी तिच्यातूनच विकसित झाली आहे.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत काच बनवणे ही मुख्यतः कारागिरांची परंपरागत विद्या होती. वाळू, सोडा, पोटॅश, चुना आणि शिशाचे ऑक्साइड हे तिचे प्रमुख घटक होते. भिंगांसाठी क्राउन आणि फ्लिंट असे काचेचे दोन मुख्य वर्ग उपलब्ध होते. क्राउन काचेचा अपवर्तनांक व अपस्करण कमी, तर शिसेयुक्त फ्लिंट काचेचे दोन्ही गुण अधिक असत. अपवर्तनांक वाढला की अपस्करणही त्याच्याबरोबर वाढते, हा जणू काचेचा नियमच मानला जात होता.

या दोन काचांची भिंगे जोडून प्रतिमेभोवतीचे रंगीत वलय पुष्कळसे कमी करता येई, परंतु पूर्णपणे घालवता येत नसे. कारण दोन्ही काचा वर्णपटाचा लाल भाग आणि निळा भाग सारख्या प्रमाणात पसरवत नसत. त्यामुळे शिल्लक राहणाऱ्या रंगदोषाला द्वितीयक वर्णपट म्हणतात. तो घालवण्यासाठी वेगळ्या रासायनिक घडणीच्या काचांची आवश्यकता होती.

त्या दिशेने काही प्रयत्न आधीही झाले होते. इंग्लंडमध्ये मायकेल फॅरडे यांनी १८२० च्या दशकात शिसे, बोरॉन आणि सिलिका यांची जड काच तयार केली होती. विल्यम व्हर्नन हारकोर्ट यांनी जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांच्या सहकार्याने फॉस्फेट, बोरेट आणि टायटॅनियमयुक्त काचांवर अनेक वर्षे प्रयोग केले. मात्र या प्रयोगांतून नियमित उत्पादन करता येईल अशी एकजिनसी काच हाती आली नाही. येना विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ आणि झाइस यांचे सहकारी एर्न्स्ट आबे यांनी १८७६ मध्ये लंडन येथे भरलेले वैज्ञानिक उपकरणांचे प्रदर्शन पाहिले आणि त्यावरील अहवालात या उणिवेकडे लक्ष वेधले. सूक्ष्मदर्शकाची पुढील प्रगती आता भिंगे घासणाऱ्यांच्या कौशल्यावर अवलंबून नसून काच वितळवणाऱ्यांच्या ज्ञानावर अवलंबून आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

बालपण आणि शिक्षण

ओटो शॉट यांचा जन्म वेस्टफालिया प्रांतातील विटेन या गावी झाला. त्यांच्या घराण्यात काचकामाची परंपरा होती. वडील सिमोन शॉट हे विटेन येथील खिडक्यांच्या काचेच्या कारखान्याचे भागीदार होते. त्यामुळे भट्टी, मुशी आणि काचेच्या वितळीत उद्भवणारे दोष यांचा परिचय ओटो यांना लहानपणापासूनच झाला.

१८७० पासून त्यांनी आखेन येथील तंत्रशिक्षण संस्थेत रासायनिक तंत्रज्ञानाचा अभ्यास केला. त्यानंतर व्युर्त्सबुर्ग आणि लाइपत्सिग येथे त्यांचे पुढील शिक्षण झाले. खिडक्यांच्या काचेच्या निर्मितीत निर्माण होणाऱ्या दोषांविषयीच्या प्रबंधासाठी १८७५ मध्ये येना विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट प्रदान केली. काही काळ त्यांनी स्पेनमधील ओव्हिएदो येथे रासायनिक कारखान्याच्या उभारणीचे काम केले. नंतर ते विटेनला परतले आणि आईवडिलांच्या घरीच छोटी प्रयोगशाळा थाटून काचेवर प्रयोग करू लागले.

आबे यांच्याशी सहकार्य

विटेन येथे शॉट अगदी थोड्या मिश्रणाच्या वितळी करून पाहत. नेहमीच्या घटकांऐवजी अन्य मूलद्रव्ये काचेत घातल्यास काय घडते, हा त्यांचा प्रश्न होता. लिथियमचे ऑक्साइड वापरून केलेली एक काच त्यांना विशेष वाटली. २७ मे, १८७९ रोजी त्यांनी आबे यांना पत्र लिहून या काचेचे प्रकाशीय गुणधर्म तपासण्याची विनंती केली.

तपासणीअंती लिथियमच्या काचेत अपेक्षित गुण आढळले नाहीत. परंतु इतक्या लहान वितळीतूनही मोजमाप करता येईल अशी एकजिनसी काच निघाली होती, ही गोष्ट आबे यांनी हेरली. पुढे शॉट विटेनहून नमुने पाठवत आणि आबे येना येथे त्यांची मोजमापे करून कळवत. जानेवारी १८८१ मध्ये दोघांची येना येथे प्रत्यक्ष भेट झाली आणि १८८२ मध्ये शॉट कायमचे येना येथे स्थायिक झाले.

तेथे गॅसच्या भट्ट्यांची सोय झाली आणि मोठ्या वितळी करणे शक्य झाले. प्रशियाच्या सरकारने या कामासाठी एकूण ६०,००० मार्कांचे साहाय्य दिले. खगोलशास्त्रज्ञ विल्हेल्म फोर्स्टर यांनी या प्रकल्पाला पाठिंबा दिला होता. १८८४ मध्ये शॉट, आबे, कार्ल झाइस आणि त्यांचे पुत्र रोडरिश झाइस यांनी मिळून शॉट आणि सहकारी या नावाने काचतंत्र प्रयोगशाळा सुरू केली.

संशोधन

धातूंच्या ऑक्साइडांचा अभ्यास

शॉट यांची पद्धत साधी, पण अत्यंत कष्टाची होती. एक मूळ मिश्रण घ्यायचे, त्यातील एकाच घटकाचे प्रमाण बदलायचे, वितळ करायची, काच सावकाश थंड करायची आणि मग तिची मोजमापे घ्यायची. केवळ नाममात्र अंश मिसळून परिणाम स्पष्ट होत नाही, म्हणून नवा घटक किमान दहा टक्के मावेल असा प्रयत्न ते करीत. अशा रीतीने पूर्वी काचेत क्वचितच वापरली गेलेली २८ मूलद्रव्ये त्यांनी तपासली. बोरॉन, फॉस्फरस, लिथियम, मॅग्नेशियम, जस्त, बेरियम, कॅडमियम, ॲल्युमिनियम, बिस्मथ, अँटिमनी, टंगस्टन, टायटॅनियम आणि युरेनियम ही त्यांपैकी काही होत.

या अभ्यासातून प्रत्येक ऑक्साइडाचा स्वतंत्र स्वभाव समोर आला. बेरियमच्या ऑक्साइडामुळे अपवर्तनांक वाढतो, पण अपस्करण त्या प्रमाणात वाढत नाही, असे आढळले. दोन्ही गुण नेहमी जोडीनेच वाढतात ही जुनी समजूत त्यामुळे मोडीत निघाली. बोरिक ऑक्साइडाचा परिणाम वेगळ्या प्रकारचा होता. त्यामुळे वर्णपटाचा लाल भाग निळ्या भागाच्या तुलनेत लांबतो, तर फॉस्फोरिक ऑक्साइडाने याच्या उलट घडते. क्राउन काचेत फॉस्फरस आणि फ्लिंट काचेत बोरॉन योजल्यास दोघींचे वर्णपट एकमेकींशी जुळू लागतात आणि द्वितीयक वर्णपट कमी होतो.

जुलै १८८६ मध्ये प्रयोगशाळेने पहिली मूल्यसूची प्रसिद्ध केली. तिच्यात ४४ प्रकाशीय काचा होत्या आणि त्यांपैकी १९ काचांची घडण मूलतः नवी होती. प्रत्येक काचेपुढे तिचा अपवर्तनांक व अपस्करणाचे आकडे दिलेले असल्यामुळे भिंगांचा आराखडा आधी गणिताने ठरवून मग त्यासाठी योग्य काच मागवता येऊ लागली. त्याच वर्षी झाइस यांच्या कारखान्याने आबे यांच्या आराखड्यानुसार नव्या काचा आणि फ्लुओराइट वापरून बनवलेली अपोक्रोमॅटिक वस्तुभिंगे बाजारात आणली.

बोरेट काचांची मर्यादा

सुरुवातीच्या यशानंतर काही वर्षांतच एक अडचण स्पष्ट झाली. सिलिका नसलेल्या किंवा अगदी कमी असलेल्या बोरेट व फॉस्फेट काचा हवेतील ओलाव्याने मलूल होत आणि त्यांच्या घासलेल्या पृष्ठभागावर डाग पडत. प्रकाशीय दृष्टीने सरस असलेली भिंगे प्रत्यक्ष वापरात टिकत नव्हती. नव्या काचांच्या बळावर उभ्या राहिलेल्या संस्थेच्या विश्वासार्हतेचाच हा प्रश्न होता. शॉट यांनी अशा काचा हळूहळू सूचीतून काढून टाकल्या.

बोरॉनचा त्याग मात्र त्यांनी केला नाही. बोरिक ऑक्साइड सिलिकेबरोबर मर्यादित प्रमाणात वापरल्यास काच टिकाऊ राहते आणि बोरॉनचे पुष्कळ गुणही तिच्यात उतरतात, असे त्यांना आढळले. बोरोसिलिकेट क्राउन ही त्यातून पुढे आलेली काच आजही भिंगे आणि लोलक यांसाठी मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

तापमापकाची काच

त्या काळच्या तापमापकांत एक त्रासदायक दोष होता. तापमापक उकळत्या पाण्यात ठेवून पुन्हा बर्फात ठेवला की पारा शून्याच्या खाली उतरलेला दिसे. गरम झाल्यावर फुगलेला काचेचा फुगा लगेच मूळ आकारात येत नसल्यामुळे असे घडे. काही काचांमध्ये ही तफावत अर्ध्या अंशापर्यंत जाई. ज्या काचेत सोडा आणि पोटॅश दोन्ही मोठ्या प्रमाणात असतात तिच्यात हा दोष सर्वाधिक असतो, असे त्या काळच्या जर्मन संशोधकांच्या तपासणीत दिसून आले होते.

शॉट यांनी एकच अल्कली वापरून, त्यासोबत जस्त, चुना, ॲल्युमिना आणि थोडे बोरिक ऑक्साइड घेऊन १६-३ या क्रमांकाची काच तयार केली. तिच्यातील तफावत सुमारे ०.०५ अंशावर आली. त्यानंतरच्या ५९-३ या काचेत सुमारे ७२ टक्के सिलिका, १२ टक्के बोरिक ऑक्साइड, ११ टक्के सोडियम ऑक्साइड आणि ५ टक्के ॲल्युमिना होते. ही काच अधिक उच्च तापमानाच्या मापनासाठी उपयोगी ठरली.

स्थितिस्थापकतेचे मापन

१८९० च्या दशकात शॉट यांनी येना विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अडॉल्फ विंकेलमान यांच्यासह काचेच्या यांत्रिक व औष्णिक गुणधर्मांचा अभ्यास हाती घेतला. वेगवेगळ्या काचांच्या पट्ट्या वजनाने वाकवून त्यांची स्थितिस्थापकता मोजण्यात आली. ताण व दाब सहन करण्याची क्षमता, औष्णिक प्रसरण, उष्मावहन आणि विशिष्ट उष्मा यांचीही मोजमापे झाली. त्यावरील निबंध १८९३ व १८९४ या वर्षांत प्रसिद्ध झाले.

या कामामागची कल्पना अशी होती, की काचेतील प्रत्येक ऑक्साइडाला एक ठरावीक गुणक द्यावा, त्या गुणकाला ऑक्साइडाच्या टक्केवारीने गुणावे आणि सर्व गुणाकारांची बेरीज करावी. ही बेरीज मोजलेल्या गुणधर्माशी जुळली, तर काच वितळवण्यापूर्वीच तिचा गुणधर्म सांगता येईल. अनेक गुणधर्मांच्या बाबतीत हा नियम समाधानकारक ठरला. स्थितिस्थापकतेच्या बाबतीत ॲल्युमिनाचा गुणक मोठा, तर पोटॅशचा लहान निघाला. म्हणजे ॲल्युमिना काचेला ताठरपणा देते आणि पोटॅशमुळे ती तुलनेने अधिक सहज वाकते.

बोरॉनयुक्त काचांनी मात्र या गणिताला दाद दिली नाही. स्थितिस्थापकतेसाठी सर्व काचांना लागू पडेल असा गुणकांचा एकच संच मिळेना. काचांचे गट पाडून प्रत्येक गटासाठी वेगळा संच द्यावा लागला. सिलिकेट काचेत बोरिक ऑक्साइडाचा जो गुणक लागू पडे, तो बोरेट काचेत लागू पडत नसे. एवढेच नव्हे, तर त्याच्या सोबतीला असलेल्या धातूंच्या ऑक्साइडांचे गुणकही बदलत. शॉट आणि विंकेलमान यांनी हा फरक आकड्यांसह नोंदवला. त्याचे कारण सांगण्यासाठी लागणारे अणुरचनेचे ज्ञान त्या काळी उपलब्ध नव्हते.

येना येथील अन्य भौतिकशास्त्रज्ञांनीही या काचांवर काम केले. फेलिक्स आउअरबाख यांनी त्यांचा कठीणपणा मोजला. रुडॉल्फ श्ट्राउबेल यांनी १८९९ मध्ये, पट्टी ताणली असता ती लांबीच्या तुलनेत रुंदीला किती आकसते ते दर्शवणारे प्वासाँचे गुणोत्तर निरनिराळ्या काचांसाठी निश्चित केले.

उष्णतारोधक काच

गरम काचेवर थंड पाणी पडले की ती तडकते, कारण पृष्ठभाग आतील भागाच्या आधी आकसतो आणि त्याच्यावर ताण येतो. विंकेलमान आणि शॉट यांनी या घटनेचे गणित मांडले. काचेची ताण सोसण्याची क्षमता आणि तिच्यातून उष्णता पसरण्याचा वेग जितका जास्त, तितकी ती टिकाऊ असते. याउलट प्रसरणाचा गुणांक आणि स्थितिस्थापकतेचा गुणांक जितके जास्त, तितकी ती लवकर तडकते. अधिक ताठर काच तापमानातील बदल सोसण्यास अधिक चांगली असेलच असे नाही, ही गोष्ट या सूत्राने स्पष्ट केली.

बोरोसिलिकेट काचेची उपयुक्तता याच सूत्रातून समजते. सिलिकेचे प्रमाण मोठे ठेवून अल्कलीचा काही भाग कमी केला आणि वितळ सुलभ व्हावी म्हणून बोरिक ऑक्साइड घातले, तर प्रसरण बरेच घटते आणि स्थितिस्थापकतेचा गुणांकही किंचित कमी होतो. नेहमीच्या सोडा-चुना काचेचा रेषीय प्रसरण गुणांक दर अंश सेल्सियसला एक कोटी भागांमागे सुमारे ९० भाग असतो. आज प्रमाणित मानल्या जाणाऱ्या बोरोसिलिकेट काचेत तो ३३ भाग आहे.

या काचेपासून प्रयोगशाळेतील उपकरणे, बाष्पित्रांच्या पाणीमापक नळ्या आणि गॅसच्या दिव्यांच्या चिमण्या बनू लागल्या. कार्ल आउअर यांच्या जाळीच्या गॅसदिव्यांचा प्रसार झाल्यावर न तडकणाऱ्या चिमण्यांची मागणी प्रचंड वाढली आणि येना येथील कारखान्याची आर्थिक बाजू भक्कम झाली. १८९१ मध्ये शॉट यांनी वेगवेगळ्या प्रसरणाच्या दोन काचांचे थर एकत्र जोडलेली संयुक्त काचही विकसित केली. तिच्या बाहेरील थरात मुद्दाम निर्माण केलेला दाब तिला तडकण्यापासून वाचवतो.

उद्योग आणि संस्था

कार्ल झाइस यांच्या मृत्यूनंतर १८८९ मध्ये आबे यांनी कार्ल झाइस प्रतिष्ठान स्थापन केले आणि १८९१ मध्ये आपला मालकीहक्क त्याच्याकडे सोपवला. १९०५ मध्ये आबे यांचे निधन झाले. शॉट यांनीही १९१९ मध्ये काचकारखान्यातील आपला हिस्सा याच प्रतिष्ठानाला दिला. त्यामुळे आपल्या शोधांवर उभा राहिलेला कारखाना त्यांच्या कुटुंबाच्या मालकीचा राहिला नाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात येना येथील काचेचे महत्त्व वेगळ्या प्रकारे जगापुढे आले. ब्रिटनसह अनेक देश प्रकाशीय काचेसाठी मोठ्या प्रमाणावर जर्मनीवर विसंबून होते. १९१४ मध्ये हा पुरवठा थांबल्यावर दुर्बिणी आणि नेमबाजीची उपकरणे यांच्यासाठी काचेची तीव्र टंचाई निर्माण झाली. त्यानंतर ब्रिटन व अमेरिकेत काचेच्या शास्त्रीय संशोधनाला वेग आला. ऑक्साइडांच्या गुणकांचा शॉट व विंकेलमान यांनी सुरू केलेला मार्गच तेथील संशोधकांनी पुढे नेला.

१९२६ मध्ये शॉट कारखान्याच्या व्यवस्थापनातून निवृत्त झाले. त्यानंतर त्यांचे पुत्र एरिश शॉट यांनी ती जबाबदारी स्वीकारली. २७ ऑगस्ट, १९३५ रोजी येना येथे वयाच्या ८३ व्या वर्षी ओटो शॉट यांचे निधन झाले.

बोरॉनच्या कोड्याचा उलगडा

शॉट यांना चकवणाऱ्या बोरॉनच्या वागणुकीचे स्पष्टीकरण त्यांच्या आयुष्याच्या अखेरीस व मृत्यूनंतर मिळत गेले. १९३२ मध्ये विल्यम झाखारियासेन यांनी काच म्हणजे अणूंचे अनियमित पण सलग जाळे आहे, अशी मांडणी केली. १९३८ मध्ये बर्ट्रम वॉरेन आणि जोनाथन बिस्को यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने सोडा-बोरेट काचांची तपासणी केली आणि सोडा वाढल्यावर बोरॉनभोवतीच्या ऑक्सिजन अणूंची संख्या बदलते, असे दाखवले. पुढे फिलिप ब्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स या तंत्राने या बदलाचे नेमके प्रमाण मोजले.

शुद्ध बोरिक ऑक्साइडाच्या काचेत प्रत्येक बोरॉन अणू तीन ऑक्सिजन अणूंशी जोडलेला असतो. हे सपाट त्रिकोण एकमेकांशी पातळ पापुद्र्यांसारखे जुळलेले असल्यामुळे काच मऊ असते. तिचा यंगचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे १७ गिगापास्कल आहे. शुद्ध सिलिका काचेत तो सुमारे ७२ गिगापास्कल असतो. सोडा किंवा लिथियमचे ऑक्साइड मिसळले की त्यातील ऑक्सिजनमुळे काही बोरॉन अणूंभोवती चार ऑक्सिजन जमतात. सपाट त्रिकोणांच्या जागी चतुष्फलक येतात, जाळे तिन्ही दिशांना घट्ट विणले जाते, स्थितिस्थापकतेचा गुणांक वाढतो आणि प्रसरण घटते. सिलिकेत हेच ऑक्साइड जाळ्याचे बंध तोडते. मात्र बोरेट काचेतही अल्कलीचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की बंध तुटू लागतात आणि परिणाम उलट दिशेने होतो.

म्हणून बोरॉनला सर्व काचांसाठी एकच गुणक देता येत नाही. त्याची रचना सोबतच्या धातूच्या ऑक्साइडावर आणि त्याच्या प्रमाणावर अवलंबून असते. धातूच्या आयनाचा आकार आणि भार यांचाही परिणाम होतो. लहान आकाराच्या लिथियममुळे बोरेट काच जितकी ताठर होते, तितकी मोठ्या आकाराच्या पोटॅशियममुळे होत नाही. १९७३ मध्ये अकिओ माकिशिमा आणि जॉन मॅकेंझी यांनी अणूंची दाटी आणि बंधांची ऊर्जा यांवरून काचेचा यंग गुणांक काढण्याची रीत मांडली. काच वितळवण्यापूर्वी तिचा गुणधर्म जाणून घेण्याचा शॉट यांचाच प्रयत्न त्यामुळे नव्या पायावर पुढे गेला.

वारसा

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, अमेरिकी सैन्याने येना सोडताना एरिश शॉट आणि कारखान्यातील निवडक तज्ज्ञांना पश्चिम जर्मनीत नेले. १९५२ मध्ये माइन्त्स येथे नवा कारखाना सुरू झाला. येना येथील मूळ कारखाना पूर्व जर्मनीत सरकारी मालकीचा झाला. जर्मनीच्या एकीकरणानंतर दोन्ही शाखा पुन्हा एकत्र आल्या. येना विद्यापीठातील पदार्थसंशोधन संस्थेला ओटो शॉट यांचे नाव देण्यात आले आहे.

महाविद्यालयीन प्रयोगशाळांतील उष्णतारोधक चंचुपात्रे आणि शंकुपात्रे, इंजेक्शनच्या औषधांच्या कुप्या, स्वयंपाकघरातील ओव्हनमध्ये चालणारी भांडी आणि दुर्बिणींचे मोठे आरसे यांसाठी बोरोसिलिकेट काच वापरली जाते. भारतासह अनेक देशांतील विद्यापीठांमध्ये शिसे, बिस्मथ, जस्त, बेरियम यांसारखी ऑक्साइडे मिसळलेल्या बोरेट काचांची रचना व स्थितिस्थापकता अभ्यासली जाते. शॉट यांच्या काळातील वाकवलेल्या पट्ट्यांची जागा आता श्राव्यातीत ध्वनिलहरींनी घेतली आहे. काचेतून जाणाऱ्या लहरींचा वेग आणि काचेची घनता यांवरून स्थितिस्थापकतेचे गुणांक काढले जातात. एका वेळी एकच घटक बदलून त्याचा परिणाम मोजण्याची शॉट यांची पद्धत मात्र या संशोधनात आजही कायम आहे.